पप्पा सगळं दोनदा सांगतात

बापावर लिहिलंय म्हणल्यावर तुमी रुमाल काढून बसला असाल, तर तो घडी घालून परत खिशात ठेवून द्या. ह्यात फाटकी बनियन न्हाई, झिजलेली चप्पल न्हाई, लेकरांना खाऊ घालून स्वतः पाणी पिऊन झोपणारा बाप तर मुळीच न्हाई. आमचे पप्पा पोटभर जेवतात, वरून माझ्या ताटात राहिलेला भात बी खातात, आणि बनियन फाटायच्या आधीच नवी आणतात. झिजलाय तो फक्त त्यांचा माईक, तो बी अंगठा टेकतो तेवढ्याच जागी. तर सांगायचं हे, की आमच्या पप्पांइतका मोठ्यानं बोलणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसरा न्हाई. खोटं वाटत असंल तर वसमतला या आणि कुठं बी उभं राहा. शोधायची तकलीफ करू नका. आधी ऐकू येतील, मग दिसतील.

पप्पांचा धंदा भोंग्याचा. रफिकचाचांची रिक्षा, तिच्या टपावर दोन भोंगे, एक पुढं तोंड केलेला, एक मागं, आत ॲम्प्लिफायर, आणि मागच्या सीटवर माईक घेतलेले पप्पा. चाचा चालवणार, पप्पा बोलणार. मला कळायला लागल्यापासून हे असंच चालू हाय. साड्यांचा सेल, उद्या नळाला पाणी न्हाई, जयंतीची मिरवणूक कोणत्या रस्त्यानं जाणार, रक्तदान शिबिर, हरवलेली म्हैस, कोणी वारलं तर अंत्ययात्रा किती वाजता निघणार, सगळं गावाला पप्पांच्या तोंडून कळतं. सुरुवात ठरलेली, 'जयभीम, नमस्कार, आदाब.' कोणाला असं वाटायला नको की मला सोडून बाकीच्यांना सांगितलं. आणि चालत्या रिक्षातून बोलायचं म्हणल्यावर प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते. पहिल्यांदा पुढच्या घरांसाठी, दुसऱ्यांदा ज्यांचं अर्धं सुटलं त्यांच्यासाठी. ही सवय पप्पांनी रिक्षातून उतरताना तिथंच ठेवून यायला पायजे होती. पण ते ती घरी घेऊन आले. जेवायला बसले की पहिला घास घेऊन म्हणायचे, "मीठ कमी हाय. पुन्हा एकदा ऐका, मीठ कमी हाय." आई म्हणायची, "ऐकलं. समोरच्या काकूनं बी ऐकलं. बघा, मिठाची वाटी घेऊन येऊन राहिली ती."

आता तुमाला वाटंल, असा माणूस म्हणजे गावाला वैताग. तसं न्हाई. हल्ली लोक पेनड्राईव्ह लावून रिक्षा फिरवतात, पप्पांना त्याचा राग येतो. ते म्हणतात, "पेनड्राईव्हला म्हातारी रस्ता ओलांडताना दिसत न्हाई." पप्पांना दिसते, आणि ते सेल बाजूला ठेवून माईकवरूनच म्हणतात, "मावशी, आरामात या, आमी थांबलोय." दवाखाना आला की भोंगा हळू. शाळेत परीक्षा असली की बंद. अजान चालू असली की रिक्षा बाजूला लावून चहा. विहारात वंदना चालू असली की दुसरा चहा. आणि ज्या घरात मयत झालीय त्या घरावरून तर चाचा इंजन बंद करून हँडल धरतात आणि पप्पा मागून ढकलत रिक्षा पार करतात, वर दोन भोंगे मुके.

मला नकलांचा नाद पप्पांमुळंच लागला. एका माणसाच्या गळ्यात इतके आवाज राहू शकतात हे मी घरातच बघत आलो. सेलचा आवाज नाकातून, पाण्याच्या बातमीचा दातातून, अंत्ययात्रेचा पार बेंबीपासून, सावकाश, एकेक शब्द खाली ठेवल्यासारखा. मी चौथीत असताना हे तिन्ही काढून दाखवायचो. मग शाळेतल्या बाई, सर, शिपाई, कांदे विकणारी मावशी आणि तिच्या कांद्यात तोंड घालणारी शेळी, सगळे माझ्या गळ्यात राहायला आले. गॅदरिंगला माझी नक्कल झाल्याशिवाय पहिला नाच सुरू होत नसायचा.

पण अशा आवाजाच्या माणसाच्या घरात पोरं वयात येणं म्हणजे काय, हे जरा डोळ्यापुढं आणा. ही दुनियेतली सगळ्यात हळू बोलायची गोष्ट. लोक ती बोलतच न्हाईत, खुणा करतात. आणि आमच्याकडं पप्पा.

ताई माझ्याहून मोठी. तिला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा कुरुंद्याची आत्या, म्हणजे पप्पांची मोठी बहीण, आमच्याच घरी आलेली होती. आईनं आत्याच्या कानात सांगितलं, आत्यानं पप्पांच्या कानात सांगितलं, आणि पप्पा अंगणात उभं राहून म्हणले, "न्हाण आलं व्हय पोरीला? चांगलं झालं की. पुन्हा एकदा सांग, कधी आलं?"

आत्यानं डोक्याला हात लावला. "हळू बोल रे. गल्ली ऐकून राहिली."

"ऐकू दे की आक्का. नळाला पाणी आलं तर मी सांगतो, बाजारात आंबा आला तर सांगतो. हे काय चोरून आलंय का?"

"आता तिचं ते कबड्डी-बिबड्डी बंद कर."

"काहून? पाय दुखून राहिलेत का तिचे?"

मी बाहेर पायरीवर बसून ऐकत होतो आणि माझ्यासोबत अर्धी गल्ली ऐकत होती. पप्पांचं म्हणणं बराबर होतं, एक शब्द चुकत न्हवता, फक्त ताई आत पांघरूण डोक्यावर घेऊन रडत होती. संध्याकाळी ती बाहेर आली आणि पप्पांपुढं उभी राहिली. म्हणली, "पप्पा, मला लाज वाटत न्हाई. पण ही गोष्ट माझी हाय. कोणाला सांगायची ते मी ठरवणार. तुमी हळू बोलायचं. आणि दोनदा सांगायचं न्हाई."

पप्पा गप झाले. इतके गप, की समोरच्या काकू विचारायला आल्या, ह्यांची तब्येत बरी हाय ना.

दुसऱ्या दिवसापासून पप्पा हळू बोलायला शिकायला लागले. रिक्षात मागं बसून चाचांना काही तरी सांगायचे आणि ऐकू आलं का ते विचारायचे. "आया," चाचा म्हणायचे, "चौक तक आया." त्यांचं हळू म्हणजे दोन घरं. लई मेहनत करून ते दीड घरावर आलं. मग त्यांनी बोलायचं कमी केलं आणि करायचं सुरू केलं. ताईसाठी पॅड आणायला ते स्वतः मेडिकलवर गेले. मेडिकलवाल्यानं पुडा पेपरात गुंडाळला, त्याच्यावर काळी पिशवी चढवली, तर पप्पांनी तिथंच पिशवी सोडली, पेपर काढला, सरळ केला आणि त्याला परत दिला. "ठेव. वाचून झाला नसंल तुझा."

ॲम्प्लिफायरशेजारी एक पत्र्याची पेटी होती, वायरी आणि टेस्टर ठेवायची. पप्पांनी त्यातल्या वायरी काढल्या आणि तिथं ते पुडे ठेवले. ताईला म्हणले, मागायचं न्हाई, घ्यायचं. ताईनं मैत्रिणींना सांगितलं, चाचांच्या पोरींनी त्यांच्या मैत्रिणींना. मग काय व्हायचं, शाळेच्या रस्त्यावर कुठं बी एखादी पोरगी हात करायची. चाचा रिक्षा थांबवायचे. पप्पा लगेच खाली उतरून, तिच्याकडं पाठ करून, टपावरच्या भोंग्याकडं मान वर करून बघत राहायचे, जसं काही त्यात चिमणीनं घरटं केलंय. चाचा चाकापाशी उकिडवे बसून हवा दाबून बघायचे. पेटीचं झाकण लागल्याचा आवाज आला की दोघं परत आपापल्या जागी आणि सेल पुढं सुरू. अख्ख्या मराठवाड्यात त्या टायरइतकी हवा दुसऱ्या कोणत्या टायरची तपासली गेली नसंल. पोरगी कोणाची होती हे दोघांना बी कधी कळलं न्हाई, कारण त्यांनी बघितलंच न्हाई.

नववी-दहावीत ताईला राग यायला लागला. कशाचा ते तिला बी माहीत नसायचं. चहात साय आली म्हणून ती दार आपटायची आणि घर हालायचं. पप्पा मग चप्पल हातात घेऊन तिच्या दारावरून जायचे, पाय न वाजवता. आई म्हणायची, "लेकरानं बापाला भ्यायला पायजे, इथं उलटंच हाय." पप्पा दीड घराच्या आवाजात म्हणायचे, "दवाखान्यावरून जाताना भोंगा हळू करतो का न्हाई आमी? मग. आत कोणाचं तरी काही तरी चालू हाय." तासाभरानं ताई आपोआप बाहेर यायची आणि पप्पांच्या ताटातला पापड उचलून खायची. त्यावर कोणी काही बोलायचं न्हाई. दवाखान्यातून सुटलेल्या माणसाला कोणी लगेच प्रश्न विचारत न्हाई.

मग माझा नंबर आला.

मी आठवीत होतो. त्या दिवसांत एका कापड दुकानाची जाहिरात आमी दोघं मिळून करायचो. पप्पा दुकानदार आणि मी लहान पोरगी. 'मम्मी, मम्मी, मला ह्याच दुकानातला फ्रॉक पायजे.' बाया वळून रिक्षात डोकावायच्या, पोरगी कुठं हाय म्हणून. त्या दिवशी आठवडी बाजार भरलेला, रिक्षा भाजीच्या रांगेत हळू झालेली, पप्पांनी माईक माझ्यापुढं धरला आणि मी 'मम्मी' म्हणलं. पहिली अर्धी मम्मी पोरीची निघाली, उरलेली ट्रॅक्टरची. दोन भोंग्यांतून, पुढं बी आणि मागं बी. मेथीच्या जुड्या लावणारा एक जण म्हणला, "पोरीला मिशी आली वाटतं." बाजार हसला. पप्पांनी लगेच माईक ओढून घेतला आणि सेल कधीपर्यंत हाय ते सांगितलं, दोनदा. पण दोन्ही वेळा हसण्यात वाहून गेलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत माझं नाव 'मम्मी' पडलेलं होतं. ए मम्मी, इकडं ये. ए मम्मी, डबा दाखव. ते बी चाललं असतं, मी त्यांना उलटी नक्कल करून गप केलं असतं, पण नक्कल करायला गळाच जाग्यावर न्हवता. बाईंचा आवाज काढायला गेलो तर शेळीचा निघायचा, शेळीचा काढायला गेलो तर बाईंचा, आणि तेव्हा बाई नेमक्या मागं उभ्या. तोंडावर मुरुम आले. हळदीच्या मुलखात मुरुम येणं ही वेगळीच शिक्षा हाय, जो भेटंल तो हळद लाव म्हणतो, आणि घरात पोत्यानं असते. मी पिवळा होऊन फिरत होतो आणि मुरुम तसेच, फक्त आता ते बी पिवळे.

हसू नका, मला तेव्हा खरंच वाटलं होतं की माझं संपलं. अभ्यासात मी जेमतेम, खेळात सगळ्यांत बुटका. वर्गात मला ओळखायचे ते गळ्यामुळं. तो गेला तर मागं राहिलेल्या पोराला कोण विचारणार होतं? मी बोलणं बंद केलं. हजेरीला हात वर करायचा, घरात मान हलवायची. गॅदरिंग जवळ आलं, सरांनी विचारलं, तुझं नाव लिहू ना रे, मी मान हलवली, आडवी.

आमच्या घरात गप बसणारं माणूस ही गोष्ट नवीन होती. पप्पांनी आधी ज्येष्ठमध आणला, मग खडीसाखर, मग हळदीचं दूध. मी सगळं प्यायलो आणि बोललो काहीच न्हाई. शेवटी चाचा एके दिवशी आमच्या ओट्यावर बसून म्हणले, "भाई, छोरे का गला फुट रा. उसकू हल्दी नक्को, बाप होना." होना म्हणजे पायजे.

"मी हायच की," पप्पा म्हणले.

"हो. लेकिन भोंगे के पीछे."

पप्पांना हे लागलं. त्याच संध्याकाळी ते माझ्यासमोर येऊन बसले. आमाला तोपर्यंत माहीत न्हवतं, की माईकशिवाय, रिकाम्या हातानं, पप्पांना असलं काही बोलता येत न्हाई. "तर असं हाय," म्हणायचे, हात मांडीवर ठेवायचे, मांडीवरून उचलून डोक्यावर, डोक्यावरून परत मांडीवर, आणि मग म्हणायचे, "बादली भरली का बघून येतो." त्या आठवड्यात आमच्या घरातली एक बी बादली न भरलेली राहिली न्हाई. ताई आतून म्हणायची, "पप्पा, हळू सांगा. आणि एकदाच." पप्पा म्हणायचे, "अगं पण सुरू तर होऊ दे."

मग एके दिवशी कुरुंद्याच्या बाजारात साड्यांच्या सेलची जाहिरात करायची होती. पप्पा मला म्हणले, "येतो का सोबत? बोलायचं न्हाई काही. नुसतं बसायचं." मी गेलो. हळद शिजवायचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूला शेतात हळद उकडायच्या मोठाल्या कुकरचा धूर चाललेला, उकडलेल्या हळदीचा ओला वास रिक्षात भरलेला. गाव मागं पडल्यावर पप्पांनी माईक उचलला आणि त्याचं बटन मला दाखवलं. "हे बघ. बंद हाय." मग तो बंद माईक तोंडापुढं धरून, रस्त्याकडं बघत, ते माझ्याशी बोलायला लागले.

म्हणले, "नवीन स्पीकर बसवला की पहिल्यांदा खरखर करतो का न्हाई? मग तो खराब असतो का? न्हाई. मोठा असतो. जुन्या वायरीला झेपत न्हाई तो. वायर बसू द्यायची. कापून फेकायची न्हाई."

आणखी बी लई सांगितलं. अंगावर केस कुठं कुठं येतात, झोपेत काय होतं आणि त्यात रोग कोणताच कसा न्हाई, मित्र कसली पुडी घे म्हणले तर काहून घ्यायची न्हाई, एखादी पोरगी आवडली तर काय करायचं आणि ती न्हाई म्हणली तर गुमान घरी कसं यायचं. शाळेत हा धडा आला तेव्हा सर म्हणले होते, घरी वाचा. पप्पा वाचत न्हवते, त्यांच्या पोटातून येत होतं, आणि पुढं चाचा मान हलवून "बराबर, बराबर" म्हणत होते, म्हणजे हळू त्यांच्या मानानंच चाललेलं. मी ऐकत होतो. कित्येक दिवसांनी मला बरं वाटून राहिलं होतं. हे सगळं एकट्या माझंच झालेलं न्हाई, हे मला त्या धुरातून जाताना पहिल्यांदा कळलं.

आता पुढचं कोणाची चूक म्हणायची ते तुमीच ठरवा. कुरुंद्याचा चौक आला, गतिरोधक आला, चाचांनी रिक्षा हळू केली. रिक्षा हळू झाली की बोलायचं, ही पप्पांच्या अंगठ्याची सगळ्या आयुष्याची सवय. डोकं माझ्याशी बोलत राहिलं, अंगठ्यानं आपलं काम केलं. बटन वर गेलं.

"...मिशी येते, आवाज फुटतो, कारण नसताना रडू येतं," दोन भोंगे म्हणले, एक बाजाराकडं आणि एक गावाकडं. "घाबरायचं न्हाई. मला बी झालतं. आमच्या आक्काच्या पदराआड बसून रडलेलो हाय मी. पुन्हा एकदा ऐका, मिशी येते, आवाज फुटतो..."

बाजार थांबला. वांगी तोलणाऱ्या बाईचा तराजू वरच राहिला. पानटपरीवरचा एक म्हातारा कानाला हात लावून ओरडला, "औषधाचं नाव सांगा की. कुठं भेटतं ते?" दुसरी एक बाई स्वतःच्या पोराला दंडाला धरून रिक्षाकडं ओढत आणून राहिली होती, "हे घ्या, ह्याला बी सांगा, हे बी लई रडून राहिलंय." ते पोरगं माझ्याकडं बघत होतं आणि मी त्याच्याकडं, आणि आमच्या दोघांच्या बी तोंडावर मुरुम.

मला ती रिक्षा, ते भोंगे, तो चौक, सगळं जमिनीत जावं असं वाटलं. पप्पांना काहीच कळलेलं न्हवतं, ते दुसऱ्यांदा सांगण्यात गुंग. मी त्यांच्या हातातला माईक हिसकावला आणि इतक्या दिवसांचं तुंबलेलं सगळं एका दमात बाहेर काढलं. "बंद करा आता. सगळ्या गावाला काहून सांगून राहिले."

आणि भोंग्यातून पप्पा बोलले.

मी काढला न्हवता तो आवाज. मी नुसता ओरडलो होतो. पण ना खरखर, ना शेळी, ना ट्रॅक्टर. तोच जाड, भरलेला, चौकाच्या पलीकडच्या भिंतीवर आपटून परत येणारा आवाज. बाजार खदखदून हसला, कारण सगळ्यांना वाटलं भोंगेवाला स्वतःलाच झापून राहिला. चाचांनी मागं वळून पप्पांकडं बघितलं. पप्पांचं तोंड बंद होतं. "भाई, तुम तो चूप बैठे," चाचा म्हणले. "फिर बोला कौन?"

माईक माझ्याच हातात होता. मी तो तोंडाला पार चिकटवला आणि परत बोलून बघितलं, खरं हाय का ते बघायला. "कुरुंद्याच्या सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, आत्ता जे ऐकलं ते आमच्या घरचं होतं. ज्याच्या घरात पोरगं असंल त्यानं ते आपल्या घरी, आपल्या पोराला, हळू सांगावं. साड्यांचा सेल उद्यापर्यंत चालू हाय." मग दोनदा सांगायचं असतं म्हणून दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना तर मला मजा यायला लागली होती.

तेवढ्यात गर्दीतून आत्या आली, शेतातून तशीच, दोन्ही हात हळदीनं पिवळे. पप्पांना म्हणली, "पदराआड रडलो म्हणून अख्ख्या बाजाराला सांगितलास. कितवीत होतास तेवढं बी सांगायचं की. म्हणजे माझ्या सुना बी हसल्या असत्या." पप्पा मान खाली घालून बसले. मग आत्यानं माझा गाल धरला, म्हणली, "बोल बरं परत," आणि मी "काय बोलू आत्या?" म्हणल्यावर ती पप्पांकडं बघत राहिली. माझ्या गालावर पाच बोटं पिवळी उठली, ती दोन दिवस गेली न्हाईत. मी बी लई घासली न्हाईत.

आता ताई नांदेडला नर्सिंग करून राहिली. पप्पा तिच्याशी फोनवर बोलतात तेव्हा फोन कशाला लागतो हे आमाला कळत न्हाई. ती पेटी रिक्षात अजून हाय, पोरी हात करतात, दोन म्हातारे भोंगा आणि टायर बघत उभे राहतात. मी गॅदरिंगमधून पुढं लग्नात, जयंतीत, कुठं बी नकला करत फिरतो. पप्पांचा आवाज मात्र बसत चाललाय. उन्हाळ्यात दुपारनंतर माईक माझ्याकडं येतो आणि गावाला फरक कळत न्हाई. परवा एक जण चहाच्या टपरीवर पप्पांना म्हणला, "आज तुमचा गळा लई मोकळा होता हो." पप्पा घोट घेऊन म्हणले, "व्हय. वायर बसली."

पप्पांचे सगळे आवाज मला येतात, सेलचा, पाण्याचा, अंत्ययात्रेचा. एक तेवढा निघत न्हाई. आरशापुढं उभं राहून बघितलं, रिकाम्या रिक्षात बसून बघितलं. तो मी एकदाच ऐकलाय, त्याच दिवशी, कुरुंद्याहून परत येताना.

गाव मागं पडलं होतं. पप्पांनी चाचांना रिक्षा थांबवायला सांगितली. चाचा उतरले आणि चाकापाशी जाऊन बसले, हवा बघायला. पप्पांनी माईकची वायर काढली, माईक पत्र्याच्या पेटीत ठेवला, झाकण लावलं आणि रिकामे हात मांडीवर ठेवले. ह्या वेळी ते हात तिथंच राहिले. मग ते मला रागावले, इतकं हळू, की मला ऐकायला त्यांच्याकडं सरकावं लागलं.

"बापाला असं चौकात ओरडतात का? ते जाऊ दे. तुझी गोष्ट मी चौकात नेली, ती माझी चूक. पण जयभीम, नमस्कार, आदाब कुठं गेलं? माणसाला हाक न मारता एकदम सांगायलाच सुरू? आणि माईक असा गिळतात का? चार बोटं लांब धरायचा. चांगला आवाज हाय तुझा, फाडू नको. उद्या जाऊन गॅदरिंगला नाव दे."

मी वाट बघितली, आता 'पुन्हा एकदा ऐका' येईल म्हणून. चाचा चाकापाशीच होते. पप्पा रस्त्याकडं बघत बसले, आणि दुसऱ्यांदा काही म्हणले न्हाईत.